कानावर पडलेलं



आकाशवाणीचं केंद्र पहाटे सुरू होताना जी धून वाजते, ती या सभागृहातल्या पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला गुणगुणता येईल. ती बांधली कोणी, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. वॉल्टर कॉफमन हे त्या माणसाचं नाव. जन्म १९०७चा, गाव कार्ल्सबाड, आजच्या चेक प्रजासत्ताकातलं. ज्यू घरातला मुलगा, बर्लिन आणि प्राग इथे संगीत शिकलेला. हिटलर सत्तेवर आल्यावर आता इथे आपली धडगत नाही हे त्याने ओळखलं आणि १९३४ साली तो मुंबईला आला. थोडे दिवस राहू म्हणून आला आणि १९४६पर्यंत राहिला. मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची बाजू त्याने कित्येक वर्षं सांभाळली. तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिन वाजतं ती धून त्याच काळातली. पुढे तो अमेरिकेत प्राध्यापक झाला आणि १९८४ साली तिकडेच वारला.

त्या धुनेत शिवरंजनीचे सूर आहेत. शिवरंजनी म्हणजे आपल्याकडे हुकमी रडवणारा राग. हिंदी चित्रपटांनी तर विरहाला जुंपून जुंपून त्याला पार दमवला आहे. देश सुटलेला माणूस आणि वर करुण राग, म्हणजे लेखाला मथळा आयताच मिळतो: एका निर्वासिताचं दुःख रोज पहाटे आपल्या घरात वाजत होतं. वाक्य दिसायला छान आहे, पण मला ते पटत नाही. आपल्या घरांत ती धून दुःखाची म्हणून कोणी ऐकलीच नाही. ती वाजली म्हणजे नळाला पाणी आलं असेल, बंब पेटवायला हवा, दुधाच्या रांगेत कोणाला तरी पाठवायला हवं. आणि तरीही आज ती कुठे अवचित ऐकू आली, तर बोलता बोलता माणसं थांबतात, एखाद्याच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यात शिवरंजनीचा वाटा थोडाच. त्या वेळी उठून जो बंब पेटवायचा तो माणूस आता नसतो, हे खरं कारण.

मला आज जे मांडायचंय ते एवढ्यातच आलं. गाणं करुण असलं की ते आपल्या दुःखाशी जोडलं जातं, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळा आहे. रोजच्या कामाच्या बाजूला, कोणी फारसं लक्ष देत नसताना जे वाजत राहिलेलं असतं, तेच पुढे गेलेल्या माणसाला घट्ट धरून बसतं.

गीतरामायणाचंच बघा. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, पुणे केंद्र. वर्षाहून थोडा जास्त काळ, दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गाणी झाली. लोक आंघोळ करून, हात जोडून, रेडिओला हार घालून ऐकायचे, असं आपण वाचलेलं आहे. पण माझ्या आईच्या पिढीतल्या बायका गीतरामायणाबद्दल बोलू लागल्या की दोन मिनिटांत रामाचा विषय संपतो आणि ज्यांच्याकडे रेडिओ होता त्या शेजारच्या काकूंचा सुरू होतो. त्यांच्याकडे सतरंजी कशी अंथरलेली असे, गाणं चालू असताना काकू भाजी कशी निवडत आणि देठ कोणाच्या पुढ्यात टाकत. राम वनवासाला गेला तेव्हा रडल्याचं सगळ्याच सांगतात. काकूंच्या भाजीपाशी आल्या की मात्र आवाज बदलतो.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींना मी पाहिलेलं नाही. मघाशी चहाच्या वेळी त्यांच्या काही माजी विद्यार्थ्यांना मी विचारलं, काय आठवतं? गुरुजींनी बसवलेल्या प्रार्थना, स्नेहसंमेलनातली गाणी, जिल्ह्यात मिळालेलं बक्षीस, हे सगळं त्यांनी सांगितलं. ते स्मरणिकेत छापलेलंच आहे. मग एक बाई म्हणाल्या, "वह्या तपासताना सर नाकातल्या नाकात काहीतरी म्हणायचे. कुठलं गाणं ते शेवटपर्यंत कळलं नाही." सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. दोघांनी ते म्हणूनही दाखवलं, आणि दोघांचं सारखं निघालं. इतकी वर्षं झाली, शब्द नाहीत, राग माहीत नाही, पण चाल शाबूत.

आता, दुःखासाठी समाजाने वेगळं संगीत नेमून ठेवलेलं आहेच. कुठे अंत्ययात्रेपुढे हलगी वाजते. म्हातारं माणूस भरल्या घरातून गेलं असेल तर टाळ-मृदंग घेऊन भजनी मंडळी पुढे चालतात. दहाव्याला नदीकाठी प्रवचन होतं. हे सगळं हवंच. त्या दिवसांत घरच्यांना काही सुचत नसतं आणि ही रीत त्यांना उभं ठेवते. पण दोन वर्षांनी त्याच घरात विचारा, दहाव्याला बुवांनी कुठला अभंग घेतला होता? बहुतेकांना सांगता येत नाही. मंडपाच्या भाड्याचा आकडा सांगता येतो.

सरकारनेही हे करून पाहिलं. पंडित नेहरू १९६४च्या मे महिन्यात गेले, शास्त्रीजी १९६६च्या जानेवारीत, इंदिरा गांधी ३१ ऑक्टोबर १९८४ला. दर वेळी रेडिओवरचे नेहमीचे कार्यक्रम बंद झाले आणि दुखवट्याचं वादन सुरू झालं. त्यात सारंगी ठरलेली. याचा परिणाम असा झाला की एरवीही रेडिओवर सारंगी लागली की आमच्या वाड्यात कोणीतरी विचारायचं, "कोण गेलं?" माणसाच्या गळ्याला इतकं जवळचं दुसरं वाद्य आपल्याकडे नाही. आधीच कोठीवरचं म्हणून त्याला प्रतिष्ठितांनी नाक मुरडलेलं, वर पेटीने साथीतून मागे ढकललेलं. त्यात रेडिओने त्याला कायमचं सुतकात बसवलं. गंमत म्हणजे नेमक्या याच काळात पंडित राम नारायण मुंबईत राहून सारंगीला एकट्याने मैफल गाजवायला लावत होते. उभं आयुष्य त्यांनी त्यात घातलं. देशोदेशी त्यांचं नाव झालं, पण आपल्या आजी-आजोबांच्या कानांतली ती जोडणी काही सुटली नाही. नेमून दिलेला शोक त्या वाद्याला चिकटला. नेहरूंची आठवण काढताना मात्र कोणाच्या कानात सारंगी वाजत नाही. त्यांचं भाषण वाजतं, अडखळत, मधेच थांबत बोलण्याची ती ढब वाजते.

याच्या उलट घरातली आरती घ्या. आरतीत संगीत म्हणून ऐकावं असं फारसं नसतं, हे गणपतीची क्षमा मागून म्हणते. लय दर कडव्याला वाढत जाते, झांज भलत्याच ठिकाणी पडते, शब्द ज्याचे त्याने लहानपणी ऐकले तसे. आणि प्रत्येक घरात एक माणूस असतो, जो दर वर्षी त्याच जागी सूर सोडतो. सुरुवातच अशी चढी धरतो की दुसऱ्या कडव्याला कोणाचा आवाज पोचत नाही. पोरं फिदीफिदी हसतात, आई डोळे वटारते, तो माणूस डोळे मिटून आपल्याच नादात पुढे जातो. मग एक वर्ष असं येतं की तो नसतो. सुतक फिटलेलं असतं, वर्षश्राद्ध झालेलं असतं, रीतसर गणपती आणलेला असतो. आणि त्या वर्षी आरती सुरात होते. प्रसाद वाटताना कोणी कोणाकडे बघत नाही. इथे बसलेल्या पुष्कळांनी हे अनुभवलं असेल.

इथपर्यंत मी रोजचं संगीत आणि शोकाचं संगीत अशी दोन टोपल्यांत वाटणी केली. ती वाटणी जिथे पार मोडून पडते ती जागा म्हणजे जातं.

१९८०च्या दशकात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात राहिलेले गी पॉयत्वां यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. हळूहळू राज्यभरातल्या गावांतून भर पडत गेली आणि संख्या एक लाखाच्या वर गेली. बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणाचं आणि संगणकावर नोंदी ठेवण्याचं काम केलं. २०१७पासून हा ठेवा 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर येत राहिला आहे, तो कोणालाही ऐकता येतो. ऐका म्हणून मी आग्रह करीन, पण एका बैठकीत दहा-बारांपेक्षा जास्त ऐकू नका.

पहिल्या ओव्या देवाच्या. मग आई, भाऊ, लेक, सासर, पाऊस, पंढरीची वाट. रामाने सोडलेली सीता फार वेळा येते, आणि तिथे ह्या बायका रामाची भीडभाड ठेवत नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत. ते गेले तेव्हाच्याही आहेत. आणि अहेव मरणाच्या आहेत. म्हणजे नवऱ्याआधी आपण जावं, कपाळाला कुंकू, अंगावर हिरवं, माहेराहून आलेलं लुगडं, अशी आपलीच शेवटची तयारी ती बाई पहाटेच्या अंधारात बाजरी दळताना गाऊन घेते. कोणाची सहानुभूती मागायची नसते. घरातले झोपलेले असतात, सोबतीला असली तर समोर खुंट्याला हात लावलेली जाऊ असते. मायेचं माणूस गेलं तरी दुसऱ्या दिवशी पीठ लागतंच. रडायला वेगळा वेळ ज्यांना कधी मिळाला नाही, त्यांनी तो दळणात काढला.

माझ्या आजोळच्या गावी एका म्हातारीकडे मी रेकॉर्डर घेऊन गेले होते. तिच्या ओव्यांची पंचक्रोशीत ख्याती. मी समोर बसले, बटण दाबलं, आणि म्हातारी म्हणाली, "काय बी येत न्हाई बया. समदं इसरलं." सून चहा घेऊन आली, तिनेही सांगून पाहिलं. म्हातारी लाजून पदर तोंडाशी धरून बसली. शेवटी नातवाला काय वाटलं कोणास ठाऊक, त्याने गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेलं जातं ओढत आणलं. लग्नाच्या हळदीपुरतं ते निघायचं, एरवी त्यावर पेंडीचं पोतं. खुंटा ढिला झाला होता, तो चिंधी गुंडाळून ठोकून बसवला. सुपात दोन मुठी ज्वारी.

म्हातारी उठून जात्यापाशी बसली, एक पाय पसरला, एक मुडपला. आधी कोरडंच एकदा फिरवून बघितलं. मग डाव्या हाताने घास टाकला आणि उजवा हात फिरायला लागला. तीन-चार फेरे नुसती घरघर. आणि त्या घरघरीतून, ती सुरू कधी झाली ते कळू नये अशी, ओवी आली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. देव झाले, भाऊ झाला. मग एका लेकीची आली. लहानपणीच गेलेल्या लेकीची, नाव घेऊन. सून दारात उभी होती. तिने नंतर मला सांगितलं की या घरात तिचा जन्म गेला, पण सासूला अशी एक मुलगी होती हे तिला त्या दिवशी कळलं.

मधेच दाण्यात खडा दिसला म्हणून म्हातारीने हात थांबवला. ओवी तिथल्या तिथे तुटली. खडा काढून हात पुन्हा फिरायला लागला, तर तुटल्या जागेवरून पुढे नाही गेली ती. पहिल्या शब्दापासून धरली. दळण संपलं तशी गप्प झाली. मी काही विचारणार तेवढ्यात तिने पीठ चिमटीत घेऊन बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "भरड आलं. टाकी लावाय पायजे."

तिची लेक तिच्या डोक्यात नव्हतीच, निदान मी विचारत होते तेव्हा नव्हती. ती उजव्या हातात होती. जात्याचा फेरा पुरा झाला की ती येई.

जातं गेलं म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी एकदा पायलीभर बाजरी दळून बघावी, हेही मला सांगितलं पाहिजे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांना हायसंच झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पहाटेची ती दोन तासांची झोप कोणत्याही लाख ओव्यांपेक्षा मोलाची आहे असं कोणी म्हणालं, तर मी वाद घालणार नाही. फक्त त्या दोन तासांत जे बोलून घेतलं जायचं ते पुढे कुठे बोललं गेलं, हा प्रश्न उरतो.

मुंबईच्या गिरणगावातही काम आणि गाणं असंच एकमेकांना लागून होतं. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाची एकेक खोली. पाळीपाळीने झोपणारी माणसं, भिंतीवर खिळ्याला टांगलेले टाळ, आणि ज्याच्या त्याच्या गावाचं भजनी मंडळ. गावाकडे कोणी वारल्याचं कार्ड आलं की रजा मिळेलच असं नाही. मग रात्री पाळी सुटल्यावर खोलीतच भजन व्हायचं. गावी बायको सोडून आलेल्या ह्याच माणसांसाठी अण्णाभाऊ साठे यांनी मैनेची छक्कड लिहिली आणि शाहीर अमर शेख यांच्या आवाजाने ती महाराष्ट्रभर गेली. ती सुरू होते मागे राहिलेल्या बायकोपासून आणि पोचते बेळगाव-कारवारपर्यंत. नवऱ्याला बायकोची लागलेली ओढ आणि महाराष्ट्राला तुटलेल्या मुलखाची ओढ, एकाच चालीत. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पानंच्या पानं लिहिली गेली, पण त्या काळच्या सामान्य कामगाराला तो प्रश्न कळला तो या छक्कडीतून, असं माझं मत आहे. बायको गावाला ठेवलेल्या माणसाला सीमाप्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१८ जानेवारी १९८२ला कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पुढचं आपल्याला माहीत आहे, ते मी सांगत बसत नाही. त्या भागात वाढलेल्यांशी बोललात तर ते पगाराचं सांगतील, भांडी विकल्याचं सांगतील, आणि मग हमखास भोंग्याचं सांगतील. भोंगा होता तेव्हा त्याच्यावर घड्याळ लावायचे, त्याला शिव्या द्यायचे. तो बंद झाला आणि घरात बसलेल्या बापाकडे बघायचं कसं, ते पोरांना कळेना. भोंग्याला संगीत म्हणायचं का, असं कोणी विचारेल. आजच्या व्याख्यानापुरतं तरी म्हणायचं.

मेंदूवाले याबद्दल काय म्हणतात, ते थोडक्यात सांगते, कारण हल्ली त्याशिवाय श्रोत्यांचं समाधान होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पेत्र यानाता यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण मुलांना त्यांच्या शाळकरी वयात गाजलेल्या गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवले आणि त्या वेळी मेंदूची चित्रं घेतली. ज्या तुकड्याबरोबर स्वतःच्या आयुष्यातलं काही आठवलं, त्या वेळी कपाळामागचा, मधल्या बाजूचा एक भाग जागा झाला. स्मृतिभ्रंशाच्या आजारात जे भाग उशिरा खालावतात, त्यांत हा येतो. क्लाइव्ह वेअरिंग या इंग्लिश संगीतकाराची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. १९८५ साली मेंदूज्वराने त्याची स्मृती गेली. अर्ध्या मिनिटापूर्वी काय झालं ते त्याला सांगता येईना, पण पियानोवर बसवलं की तो तुकडा अखेरपर्यंत वाजवत असे. आमच्या म्हातारीला याचं नवल वाटलं नसतं.

उलट्या बाजूने जाणारं एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या फार जवळचं आहे. कुमार गंधर्व. विशीच्या आतच नावारूपाला आलेला गवई, त्याला १९४७ साली क्षयाने गाठलं. हवापालट म्हणून १९४८मध्ये ते देवासला गेले आणि पुढची काही वर्षं अंथरुणाला खिळले. गायला सक्त मनाई. डॉक्टरांनी ती आशाच सोडायला सांगितलं होतं. पत्नी भानुमतीबाई शिक्षिकेची नोकरी करून घर चालवत आणि त्यांची शुश्रूषा करत. ज्याने लहानपणापासून गाणं फक्त केलं होतं, त्याच्यावर आता निजून राहून जे कानावर पडेल ते ऐकण्याची वेळ आली. बाहेरून बायका गात जायच्या, सणावाराला, कामाला, बाजाराला जाताना. नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं म्हणत दारावरून जायचे. ही गाणी कोणी कुमारांना ऐकवत नव्हतं. ती आपापल्या कामाला निघाली होती आणि वाटेत एका आजारी माणसाची खिडकी होती.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला क्षयावरची नवी औषधं आली, कुमार बरे झाले आणि पुन्हा गाऊ लागले. एक फुफ्फुस जवळपास निकामी, श्वास तोकडा. मग माळव्याच्या लोकगीतांचा त्यांनी रीतसर ध्यास घेतला, शेकडो गीतं जमवली, लोकधुनांतून नवे राग बांधले, ते 'अनूपरागविलास'मध्ये छापले गेले. निर्गुणी भजनांनी तर त्यांच्या गाण्याचा पोतच बदलला. कुमारांचं निर्गुण ऐकताना लोक वैराग्य, शून्य, अनहत असं बरंच काही बोलतात. बोलू देत. मला त्यात घाम पुसत, औषधाची वेळ बघत पडलेला माणूस आणि कुंपणापलीकडून जाणारा एक आवाज ऐकू येतो. १९६१ साली भानुमतीबाई बाळंतपणात गेल्या. कुमारांनी त्यानंतर गायलेलं काय त्यांच्यासाठी होतं आणि काय नव्हतं, असा शोध काही रसिक घेत असतात. त्यात मी पडत नाही. घरातल्या घरात, तानपुरा लावताना, ते काय पुटपुटत असतील ते कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत असणार नाही.

मग आताच्या घरांचं काय? प्रत्येकाच्या कानात त्याचा त्याचा हेडफोन, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याच्या कानावर पडायचं थांबलं, अशी तक्रार मी वाचते. स्वतःही केलेली आहे. पण नीट कान दिला तर घर अजून वाजतंच आहे. सॅमसंगच्या धुलाईयंत्राचं काम संपलं की ते एक धून वाजवतं. ती शूबर्ट नावाच्या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या १८१७ सालच्या माशावरच्या गाण्याची आहे. शूबर्ट एकतिसाव्या वर्षी गेला. नाशिकच्या किंवा डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आपलं गाणं ऐकून कोणी कपडे वाळत घालायला उठेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. आज पाच वर्षांची असलेली कुणी मुलगी पन्नासाव्या वर्षी ते कुठे ऐकेल आणि तिला एकदम आईच्या ओल्या हातांचा वास येईल, यात मला शंका नाही. घंटागाडीचं गाणं आहे. रिक्षा मागे घेतानाची टिंवटिंव आहे. ही काही थोर कला नव्हे. भोंगा तरी कुठे होता?

आणि मोबाइलची कॉलर ट्यून आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या उन्हाळ्यात, आमच्या ओळखीच्या एका घरातला कर्ता मुलगा गेला. त्याने हौसेने एक भक्तिगीत कॉलर ट्यून म्हणून लावलं होतं. घरातले त्यावरून त्याची थट्टा करायचे, हे काय म्हाताऱ्यासारखं. तो गेल्यावर त्याचा फोन कपाटात चार्जिंगला लावलेला राही, आणि त्याची आई दुपारी स्वयंपाकघरातून त्याला फोन लावी. उचलणार कोणी नाही हे तिला पक्कं माहीत होतं. पलीकडे ते गाणं पूर्ण वाजेपर्यंत ती कान लावून उभी राही, मग फोन ठेवून कुकर लावी. घरच्यांनी रिचार्ज चालू ठेवलं. नातेवाइकांपैकी कोणी म्हणालं, हे बरं नव्हे, तिला यातून बाहेर काढा. मला तेव्हा काय बोलावं सुचलं नव्हतं. आता वाटतं की जात्यावरच्या बाईला पहाटेचे दोन तास तरी होते; हिला चाळीस सेकंद मिळत होते, तर मिळू द्यायचे.

संयोजकांनी मला शेवटी एक सूचना करायला सांगितली आहे. हल्ली आपल्या शोकसभेत काय वाजवावं हे आधीच लिहून ठेवण्याची पद्धत पडते आहे, त्याबद्दल. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत, चांगले कानसेन, घरात हजारभर ध्वनिमुद्रिका. त्यांनी मोठ्या विचाराने यादी केली आहे. आधी अमीर खाँसाहेबांचा मारवा, मग किशोरीताईंचा भूप, शेवटी मल्लिकार्जुन मन्सूर. कोणत्या मैफलीचं कुठलं ध्वनिमुद्रण घ्यायचं ते तारखेसह. ही यादी त्यांनी मला दाखवली तेव्हा त्यांच्या पत्नी बाजूला शेंगा सोलत बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "वहिनी, तुम्ही वाचलीत का?"

"वाचली की. चांगली आहे," वहिनी म्हणाल्या. "पण हे ऐकताना यांनी दार लावून घ्यायचं आणि कोणी आत यायचं नाही असा घरचा नियम. मी यातलं एकही धड ऐकलेलं नाही. मला आपलं ते दाढी करताना म्हणतात तेवढं माहीत आहे. त्याचेही शब्द चुकीचे असतात."

गृहस्थ म्हणाले, "चुकीचे कसे? बरोबर आहेत."

आणि त्यावरून दोघांचं जे जुंपलं, ते मी निघाले तरी चालूच होतं.